टाकीच्या तोंडावरची हाक

दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकीट पाहूनच तू म्हणाली असशील, स्वारीला काहीतरी हवं असणार. हवं आहे. पण आधी खुशाली. मी बरा आहे, वेळेवर जेवतो, मफलर घालतो. छत्रीदुरुस्तीच्या दुकानावरच्या त्याच दोन खोल्यांत राहतो आणि तिथेच गाणी ध्वनिमुद्रित करतो. पलंगाच्या जागी टेपयंत्र आलं आणि पलंग गेला स्वयंपाकघरात. खालचे छत्रीवाले गाणं आवडलं नाही की दांड्याने छत ठोकतात. आवडलं तरी ठोकतात, पण तालात.

या वेळी गायक मिळालाय आमचा पोस्टमन. तुझी पत्रं गेली दोन वर्षं तोच आणून देतो आणि जिना चढताना गातो. एकदा तो दारात गात उभा राहिला आणि मी पत्र घ्यायचंच विसरलो. त्याच्यासाठी गाणं बांधलंय. प्रेयसी नावेतून पलीकडे गेली ती परत आलीच नाही, आणि हा काठावर बसलाय: 'तू गेलीस त्या तीराला, मी लाटा मोजत बसलो.' रेकॉर्ड कंपनीचे साहेब अठरा एप्रिलला ऐकणार आहेत. माझी आधीची दोन गाणी त्यांनी परत केली, आणि तिसरंही तसंच निघालं तर पुन्हा जिना चढू नका असं स्वच्छ सांगितलंय.

अडचण अशी की माझ्या खोलीत हा काठावर बसलेला माणूस कपाटात बसल्यासारखा वाटतो. न्हाणीघरात गाऊन घेतलं, तर आंघोळ करणारा माणूस ऐकू आला. जिन्यात गाऊन घेतलं, तर वरच्या मजल्यावरच्या बाई कोण गेलं म्हणून विचारायला खाली आल्या. मग परवा दाढी करताना आठवलं. तुम्ही टेकडीवरच्या पाणीखात्याच्या क्वार्टरमध्ये नुकतेच राहायला आला होतात, तेव्हा भाऊजींनी मला गावाची रिकामी केलेली पाण्याची टाकी दाखवली होती. मी आत शिंकलो, आणि रुमाल काढून नाक पुसून झालं तरी ती शिंक आपली भिंतींवरून फिरतच होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मीच. भाऊजींना विचारशील का?

त्यांना व तुझ्या सासूबाईंना नमस्कार, मुलांना पापा. रागावलीस तर पत्रातच रागाव, पण उत्तर धाड.

तुझा,
खुळखुळा


दि. ९ मार्च

चि. खुळखुळ्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुला लहानपणी खुळखुळा आणून दिला ही आपल्या घराची पहिली चूक आणि तो काढून घेतला नाही ही दुसरी. अरे, ती पिण्याच्या पाण्याची टाकी आहे, तुझं न्हाणीघर नव्हे! मी दोन दिवस तुझं पत्र ह्यांच्यापासून लपवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी ह्यांना ते सापडलं, आणि वाचून हे हसले. हे वर्षातून तीनदा हसतात, त्यातलं एक तू खर्च केलंस.

ह्यांचं म्हणणं असं. टाकी सत्तावीस तारखेला रिकामी होईल. एकोणतीसला माणसं उतरून भिंती घासतील, औषधाने धुतील. मधला अठ्ठावीसचा दिवस टाकी कोरडी आणि मोकळी असते. त्या दिवशी कुणी आत गेलं तरी दुसऱ्या दिवशी सगळं घासून निघणारच, म्हणजे पाण्याला बाध नाही. पण खात्याच्या लेखी परवानगीशिवाय टाकीत उतरायचं नाही असा नियम आहे, आणि गाण्यासाठी टाकी द्या म्हणून मोठ्या साहेबांकडे अर्ज केला तर ते आधी ह्यांची प्रकृती तपासून घेतील. तेव्हा हे परवानगी न मागताच किल्ली लावणार आहेत. मला हे मुळीच पसंत नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? कळलं तर नोकरी जाईल, आणि नोकरीबरोबर हे घर जाईल. बारा वर्षं राहिले रे मी इथे. मुलं याच दारातून शाळेला जायला लागली. म्हणून माझी अट एकच. टाकी, टेकडी, पंपघर, यातलं एक अक्षर कधी कुणापुढे काढायचं नाही.

दुसरा नियम मात्र हे देवासाठीही मोडणार नाहीत. टाकीत हवा जड असते, माणसाला गुंगी येते. म्हणून आत कुणी असलं की झाकणापाशी एकाने बसायचं आणि थोड्या थोड्या वेळाने हाक द्यायची. आतल्याने ओ द्यायची. दोन हाकांना ओ आली नाही की दोर ओढायचा. हे काम चौतीस वर्षं सासूबाई करतात. मामंजी पंपावर होते तेव्हा त्यांच्यासाठी सुरू केलं, मग सगळ्यांसाठीच. कुणी नेमलं नाही, कुठे नोंद नाही, पण त्या बसल्याशिवाय एक माणूस आत पाय टाकत नाही. तुझ्या पोस्टमनला हे नीट समजावून ठेव. आणि तो अंगाने कसा आहे ते कळव, झाकण अरुंद आहे.

मफलर घालतोस हे वाचून बरं वाटलं, खरं किती ते तूच जाणे. माया आहे म्हणून बोलते.

तुझी,
ताई


दि. ३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा कामाच्या धांदलीत तुला धड भेटताही आलं नाही. तू सकाळपासून खाली फाटकाशी पहारा देत होतीस, आणि आम्ही दुपारची गाडी गाठायला पळालो. जाताना माझं तोंड उतरलेलं होतं, ते का ते आता सांगतो.

भाऊजींनी टेपयंत्र हातगाडीवरून वर चढवलं आणि पंपघरात ठेवलं. ध्वनिग्राहक दोराने आत सोडला. मग पोस्टमन उतरला. वीस पायऱ्यांची लोखंडी शिडी, हातात कंदील, कमरेला दोर. हा माणूस कुत्र्यांना भीत नाही, पण तळाशी पोचल्यावर त्याने मला वर विचारलं की आत आणखी कुणी आहे का. मी म्हटलं, तुझाच आवाज आहे तो, परत येतोय. यावर त्याचं समाधान झाल्याचं दिसलं नाही.

तुझ्या सासूबाई झाकणापाशी स्टुलावर बसल्या होत्या, लोकरीची टोपी कानांवर ओढून. त्यांनी हाक दिली, त्याने ओ दिली. दोघांची तालीम झाली. मग मी त्यांना हात जोडून विनवलं की गाणं फक्त तीन मिनिटांचं आहे, तेवढं गप्प राहा. त्यांनी मान हलवली. ती मान 'हो' म्हणून हलली असं मी समजलो.

ताई, काय आवाज लागला म्हणून सांगू! एकेक ओळ भिंतीला लागून परत यायची आणि पुढच्या ओळीच्या खांद्यावर बसायची. दोन कडवी झाली, तिसरं सुरू झालं, 'मी लाटा मोजत...' आणि सासूबाईंनी हाक दिली! ती त्यांची लांब, शेवटी खाली उतरत जाणारी. आणि पोस्टमनने काय करावं? गाणं अर्ध्या शब्दात तोडून त्याने ओ दिली, अगदी कापऱ्या आवाजात. मग गोंधळून जरा थांबला आणि उरलेली ओळ पुरी केली.

मी कपाळावर हात मारला. सासूबाईंना काही बोललो नाही, पण चेहरा बोललाच असेल. त्यानंतर भाऊजींनी त्यांना समजावलं आणि दर कडव्यानंतर थांबून हाक, मग पुढचं कडवं, असं करत तेच गाणं आणखी दोनदा घेतलं. ते अगदी स्वच्छ आलंय. तुकडे मी इथे जोडून टाकीन. तेव्हा काळजी नको, काम झालंय.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग, आणि मी रागावलो नव्हतो असंही सांग. थोडा रागावलो होतो. तुझी माया अशीच राहू दे, भाऊजींचे उपकार तर आता मोजण्यापलीकडे गेलेत.

तुझा,
खुळखुळा


दि. ४ एप्रिल

चि. खुळखुळ्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

टाकी घासून, धुऊन, भरून झाली. कुणाला काही कळलं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

तुझा निरोप सासूबाईंना दिला. तुला राग आला होता हे त्यांनी तेव्हाच ओळखलं म्हणे. त्यांचं उत्तर जसंच्या तसं कळवते: गाणं खुळखुळ्याचं असेल, पण आतला माणूस माझ्या हवाली होता. तीन मिनिटं म्हणजे काय थोडी झाली का, तेवढ्यात माणूस जातो, असंही म्हणाल्या.

एक मात्र नीट ऐक. हाक पडलेली टेप कुणाला ऐकवू नकोस, पुसून टाक. या गावात पाणीखात्यात राबलेला प्रत्येक माणूस तो आवाज झोपेतही ओळखेल. हातच्या काकणाला आरसा कशाला? आवाज ओळखला की टाकी ओळखली, टाकी ओळखली की ह्यांची किल्ली. कंपनीला स्वच्छ गाणंच दे. मला तसं वचन दे.

घरी सगळे सुखरूप. लोभ आहेच, वचन पाळलंस तर वाढेल.

तुझी,
ताई


दि. १९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला वचनाचं पत्र टाकलं होतं, ते मिळालं असेल. आता हे पत्र बसून वाच.

काल कंपनीचे साहेब आले. ते बोलताना घड्याळ बघतात, म्हणून आम्ही त्यांना घड्याळसाहेब म्हणतो. मी स्वच्छ गाणं लावलं, जसं कबूल केलं होतं तसंच. पहिल्या कडव्यात त्यांनी घड्याळ पाहिलं, दुसऱ्यात दोनदा पाहिलं, आणि तिसऱ्यात टोपी उचलली. गाणं चांगलं आहे म्हणाले, पण चांगली गाणी त्यांच्याकडे कपाटभर आहेत.

ताई, मी ती दुसरी टेप पुसली नव्हती. पुसायला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा ऐकत बसलो. त्या गाण्यात एक माणूस परत न आलेल्या बाईची वाट बघतोय, आणि तिसऱ्या कडव्यात ती खरंच हाक मारते, आणि तो गाणं सोडून तिला ओ देतो! हे मला शंभर वर्षं सुचलं नसतं. साहेबांचा हात दाराच्या कडीवर होता आणि माझा हात त्या टेपकडे गेला. मी थांबवला नाही.

हाक आली तेव्हा साहेब दारातच थिजले. खाली छत्रीवाल्यांची ठोकठोकही थांबली. साहेबांनी गाणं चार वेळा ऐकलं आणि एकदाही घड्याळ पाहिलं नाही. बाई कोण म्हणून विचारलं, तर मी सांगता येणार नाही म्हटलं. त्यांना उलट आनंद झाला. रेकॉर्डवर 'अज्ञात स्त्रीचा आवाज' असं छापणार आहेत.

मी वचन मोडलं. त्याला सबब नाही. टाकीबद्दल मात्र मरेपर्यंत बोलणार नाही, पोस्टमननेही शपथ घेतली आहे. हवी ती शिक्षा दे, पण अबोला धरू नकोस.

तुझा अपराधी,
खुळखुळा


दि. २४ एप्रिल

चि. खुळखुळ्यास,
आशीर्वाद पुढच्या पत्रात. या पत्रात नाहीत.

ह्यांना तुझं पत्र दाखवलं. हे म्हणाले, झालं ते झालं, आणि पंपाला तेल घालायला गेले. तुझ्या भाऊजींचा स्वभाव चांगला आहे म्हणून तू वाचलास. मी काही इतकी चांगली नाही. रोज संध्याकाळी घराकडे बघते आणि मनातल्या मनात सामान बांधते.

सासूबाईंना काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

ताई


दि. ११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू लिहीत नाहीस, तरी मी लिहितो. एवढा आनंद एकट्याच्या पोटात मावत नाही.

रेकॉर्ड धडाधड खपतेय! रेडिओवर दिवसातून तीनदा लागते. रस्त्याने चाललं की एका खिडकीतून पहिलं कडवं ऐकू येतं आणि तीन घरं पुढे गेलं की दुसरं. तिसऱ्या कडव्याला लोक बोलणं थांबवतात. काल बसमध्ये एका गृहस्थाने हाक ऐकू येताच स्वतःच ओ दिली, आणि सगळी बस हसली. पोस्टमनला आता पत्रं वाटायला दुप्पट वेळ लागतो, कारण प्रत्येक दारात त्याला ती कापरी ओ देऊन दाखवावी लागते. छत्रीवाल्यांनी दुकानावर पाटी लावलीय की हे गाणं आमच्या छतावर तयार झालं.

वर्तमानपत्रात आलंय की तो आवाज माणसाचा नाहीच. एकाने लिहिलं की बुडून मेलेल्या बाईचं भूत टेपेत शिरलं. दुसऱ्याने भुताचं वयही काढलं, एकोणीस. घड्याळसाहेब खूश आहेत. मला हसू येतं, आणि मग तुझं घर आठवलं की हसू जातं. झाकली मूठ आहे तोवर सव्वा लाखाची. ती झाकलेलीच राहो.

एक ओळ तरी लिही ग. शिव्या घातल्यास तरी चालेल.

तुझा,
खुळखुळा


दि. २० जून

चि. खुळखुळ्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि. मागचे राहिलेलेही यात धर.

अबोला आता सोडलाच पाहिजे, कारण गोष्ट अंगाशी आली आहे. मंगळवारी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. बाहेरच्या खोलीत दहाबारा माणसं आणि कोपऱ्यात रेडिओ. तुझं गाणं लागलं. मी त्यांना उठवून बाहेर नेणार, तोवर तिसरं कडवं आलं. सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना सांगू लागल्या की हा माझा आवाज आहे. शेजारच्या बाई म्हणाल्या, आजी, तो भुताचा आवाज आहे, पेपरात आलंय. मग काय विचारतोस! धडधडीत जिवंत बाईला भूत म्हणणारे कोण ते पुढे या, असं म्हणून त्यांनी काठी आपटली. मी घाईघाईने सांगितलं की डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना भ्रम होतोय.

ते बोलायला नको होतं. घरी आल्यावर त्या म्हणाल्या की चौतीस वर्षं मी ज्याला त्याला वर काढलं, आणि माझ्याच सुनेने मला खोटं पाडलं. मला रडूच आलं. सगळं खरं सांगितलं, घराचं, नोकरीचं, तुझं वचन. त्यांनी ऐकून घेतलं.

आणि आज मोठ्या साहेबांची चिठ्ठी आली. सोमवारी ह्यांना कचेरीत बोलावलंय, टाकीच्या किल्लीसह. कारण लिहिलेलं नाही, पण चोराच्या मनात चांदणं. हे शांत आहेत. मी मात्र मुलांच्या शाळेचे दाखले काढून ठेवलेत.

गाणं मात्र फार सुंदर झालंय रे. हे आधीच लिहायला हवं होतं.

तुझी,
ताई


दि. २३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र आत्ता मिळालं. मी सोमवारी पहिल्या गाडीने येतो आणि कचेरीत भाऊजींच्या आधी उभा राहतो. किल्ली मी चोरली म्हणून सांगेन. पोस्टमनही रजा टाकून येतोय. तू सामान बांधू नकोस. बांधलं असलंस तर सोड.

सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवायचंय. त्यांना भूत म्हणू दिलं, हा खरा अपराध माझाच.

तुझा,
खुळखुळा


दि. २ जुलै

चि. खुळखुळ्यास,
ताईच्या सासूचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सोमवारी आलास, पोस्टमनला घेऊन आलास, आणि कचेरीत काही करायला उरलंच नाही म्हणून दोघं माझ्याकडे बघत बसलात. मी तेव्हा काही सांगितलं नाही, कारण कागद हातात आल्याशिवाय मी बोलत नसते. आता कागद आलाय. अक्षर मोठं काढते आहे, डोळ्यांत अजून औषध आहे. भ्रम नाही.

शनिवारीच मी एकटी काठी टेकत कचेरीत गेले होते. म्हटलं, माणसं माझ्या हवाली होती, तर जाब मीच द्यायचा. साहेबांना सांगितलं, किल्ली मी काढली, टाकी मी उघडली, माझ्या मुलाला ठाऊक नव्हतं. ते खोटं आहे हे साहेबांना कळलं. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

त्यांच्या टेबलावर तुझी रेकॉर्ड होती. मला म्हणाले, आजी, मी बावीस वर्षांचा होतो, नवा नोकरीला लागलो होतो, आणि तपासणीला टाकीत उतरलो होतो. कंदील विझला. शिडी कुठे आहे ते दिसेना. तुमच्या हाकेच्या दिशेने सरकत सरकत वर आलो. मला तो मुलगा आठवत नाही. किती आले नि किती गेले. ते म्हणाले, परवा घरी जेवताना रेडिओवर तुमची हाक ऐकली आणि हातातला घास ठेवून मी ओ दिली. बायको विचारत राहिली, कुणाशी बोलताय?

मग चष्मा पुसून साहेब पुन्हा साहेब झाले. म्हणाले, परवानगीशिवाय उतरलात ही चूक. झाकणापाशी माणूस होता का, हे मात्र विचारायला नको, सगळ्या देशाने ऐकलंय. तेव्हा नोकरी जाण्यासारखं काही नाही, लेखी ताकीद द्यावी लागेल. मी म्हटलं, द्या. त्यांनी कारकुनाला माझं नाव शोधायला सांगितलं. कारकून सगळी रजिस्टरं धुंडाळून आला. नाव कुठेच नाही. साहेब म्हणाले, आजी, तुम्ही आमच्या नोकरीतच नाही, तर ताकीद कशी देऊ? मी म्हटलं, मग आधी नोकरीत घ्या आणि मग द्या.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. मग कारकुनाकडे कोरा कागद मागितला.

काल एका पाकिटातून दोन कागद आले. एक नेमणुकीचा, एक ताकिदीचा. सुनेने दोन्ही वाचून दाखवले आणि गळ्यात पडली. सामान तिने सोडलंय. मुलगाही हसला. सून म्हणते, या वर्षातलं हे दुसरं.

नेमणुकीचा कागद पेटीत ठेवला. ताकिदीचा चौकट करून भिंतीवर लावायला सांगितलाय. सुनेला ते पटत नाही, म्हणते लोक काय म्हणतील. म्हणू देत. त्यात लिहिलंय की सदर बाई टाकीच्या तोंडाशी हाक देण्याचे काम चौतीस वर्षे करीत असून, अठ्ठावीस मार्च रोजी त्यांनी परवानगी न घेता माणूस आत उतरू दिला. खाली माझं पूर्ण नाव आहे. दिवसाउजेडी, शाईने. चौतीस वर्षांत मी काय करत होते हे कुणी पहिल्यांदा कागदावर लिहिलं. मी ती ओळ सारखी सारखी वाचून घेते.

पुढचं गाणं करशील तेव्हा रीतसर अर्ज करून ये. पोस्टमनला सांग, ओ देताना इतकं घाबरायचं नसतं. आणि त्या घड्याळवाल्याला सांग, अज्ञात बिज्ञात खोड आणि नाव घाल.

मोठी हो, सुखी राहा, असं मुलींना म्हणतात. तुला म्हणते, आवाज कर, पण बघून कर. लोभ ठेव, मी ठेवलाच आहे.

तुझी,
ताईची सासू,
हाक देणारी, पाणीपुरवठा खाते